लाभ, दोन, तीन

(चाकणजवळच्या एका वाडीतलं घर. चैत्रातली कलती दुपार. पडवीत शालन दळणाची ज्वारी पाखडत बसली आहे, पुढ्यात सहा वर्षांची मंजुळा. झोळीत धाकटा सोपान निजलेला. सासू सगुणाबाई मागं गोठ्यात.)

शालन : बरं, मग गुरुजींनी काय विचारलं ते तरी सांग.

मंजुळा : सांगितलं की. मोज म्हणले.

शालन : काय मोज म्हणाले?

मंजुळा : चिंचोके. पाटावर मांडलं हुतं.

शालन : आणि तू?

मंजुळा : मी बघत बसले.

शालन : कुणाकडं?

मंजुळा : चिंचोक्यांकडं. त्यात पांढरा बी हुता. आई, चिंचोका पांढरा कसा काय असतो?

शालन : सोललेला असेल. मंजे, विषय बदलू नकोस. शेजारची छबूबाई विहिरीवर चारचौघींत सांगत होती. गुरुजींनी तिच्याजवळ निरोप दिलाय, तुमच्या मंजुळाला अजून मोजता येत नाही म्हणून. उद्या सकाळी पुन्हा विचारणार आहेत. आलं तर पहिलीत घालतील, नाही आलं तर आणखी वर्षभर बिगरीत, शेंबड्या पोरांत.

मंजुळा : मला बी शेंबूड येतो कंदी कंदी.

शालन : मला हसवू नकोस. मला ते ऐकून खरंच वाटेना. काल तूच कोंबड्या डालल्यास ना? मी आतून विचारलं किती भरल्या, तर म्हणालीस नऊ. मी जाऊन बघितलं, नऊच होत्या.

मंजुळा : लंगडी धरून.

शालन : लंगडी धरून. आणि कांदे निवडताना लहान-मोठे वेगळे काढलेस ते?

मंजुळा : मोठ्या कांद्यांचा ढीग ल्हान झाला, आन् ल्हान्या कांद्यांचा मोठा.

शालन : बघ, हे सुद्धा तुझ्या ध्यानात राहिलं. पिठात बोटानं ग काढतेस, म काढतेस. चुलीत घालायची लाकडं लांबीनं लावून ठेवतेस. मग गुरुजींच्या पुढं कुठं जातं हे सगळं?

मंजुळा : कुठं न्हाई जात. हितंच असतंय.

शालन : मग इथंच काढून दाखव. ह्या शेंगा घे. मांड जमिनीवर आणि मोज. माझ्याकडं बघू नकोस, मी पाखडतेय.

मंजुळा : लाभ, दोन, तीन, चार, पाच, सा, सात.

शालन : काय म्हणालीस?

मंजुळा : सात.

शालन : नाही, सुरुवातीला. पुन्हा मोज बरं.

मंजुळा : लाभ, दोन, तीन...

शालन : थांब. शेंगांत लाभ कुठून आणलास गं?

मंजुळा : तूच म्हणतीस की. मापटं भरताना. लाभ, दोन, तीन. आजी बी म्हणती.

शालन : अगं, ते धान्याचं. आणि गुरुजींच्या पुढंही तू हेच म्हणालीस?

मंजुळा : चिंचोके मांडलं त्या पयल्या दिशी म्हणले. सगळी पोरं हसली. गेनबाआजाचा नातू म्हणला, हिनं शाळंत खळं मांडलंय. गुरुजी बी हसलं, पर वाईट न्हाई हसलं.

शालन : वाईट नाही म्हणजे कसं?

मंजुळा : म्हंजी दात दिसलं, पर डोळं बारीक न्हाई झालं.

शालन : मग चांगलेच हसले. ते पुण्याच्या पेठेतले, त्यांना काय ठाऊक खळ्यावर कसं मोजतात ते. हे बघ मंजे, घोटाळा माझ्याकडून झालाय. मी रोज दळण मोजताना तुला हाताशी घेते, तिथं तू ऐकतेस. धान्याच्या पहिल्या मापाला आपण लाभ म्हणतो, बरकत राहावी म्हणून. पण ते धान्यालाच. शेंगा असोत, कोंबड्या असोत, पोरं असोत, बाकी सगळ्याला एक. सोपं आहे. म्हण बघू.

मंजुळा : दोन.

शालन : त्याच्या आधी काय?

मंजुळा : त्याच्या आधी ही शेंग.

शालन : हिला काय म्हणायचं?

मंजुळा : शेंगच म्हणायचं. दुसरं काय म्हणणार तिला?

शालन : बरं. तुला नाकं किती?

मंजुळा : नाक हाय.

शालन : पण किती?

मंजुळा : दोन न्हाईत.

शालन : आणि आभाळात सूर्य किती?

मंजुळा : त्यो बी दोन न्हाई. आई, रात्री त्यो कुठं निजतो?

शालन : विचार गुरुजींना. नाही तर थांब. आज तू मला गोष्ट सांग. राजाची. कशी सुरू होते ती?

मंजुळा : हुता राजा.

शालन : नुसता होता राजा?

मंजुळा : हुता की. आन् त्याला राण्या हुत्या. आवडती हुती आन् नावडती हुती.

शालन : तू तो शब्द चुकवतेस. खड्डा चुकवून चालावं तशी चालतेस त्याच्या कडेकडेनं.

मंजुळा : कंचा शब्द?

शालन : कुठला ते तुला माहीत आहे. मंजे, वर बघ. मी रागावले आहे का?

मंजुळा : न्हाई.

शालन : मग? मला नुसतं कळून घ्यायचंय. शाळेत घातलं तेव्हा देवळापासून घरापर्यंत हाच पाढा ओरडत यायचीस. एक, दोन, तीन, चार. तुझा बापू म्हणायचा, गाडीची घंटा आली. तेव्हा तर म्हणत होतीस ना?

मंजुळा : तवा म्हणत हुते.

शालन : मग आता काय झालं?

मंजुळा : काय न्हाई.

शालन : डब्याचं झाकण काढून बघावं तसं तुझ्या डोक्यात बघता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मंजुळा : डोक्याला झाकण नसतंय. केस असत्यात. तुझ्या डोक्यात बी केसच हायेत.

सगुणाबाई : दळण निवडून झालं का गं, का नुसतं केसावरनं चाललंय मायलेकींचं?

शालन : झालंच आत्याबाई. बसा. बैलाला वैरण टाकलीत?

सगुणाबाई : टाकली. छबू भेटली हुती गोठ्याच्या मागं. तिनं सांगितलं मला शाळंचं. म्या म्हणलं, बिगरीत तर बिगरीत. आन् बिगरीतच बसायचं असंल तर ती शाळा कशाला? धाकटा आता रांगाया लागलाय, चुलीकडं धावतोय. त्याला बघंल ही. हिच्या वयात म्या शेरडं राखत हुते.

शालन : तुमच्या लेकाला विचारल्याशिवाय कसं काढायचं शाळेतून?

सगुणाबाई : भिमा ऐतवारी येतोय देहूरोडवरनं, तवा म्याच सांगते त्याला. त्यो काय न्हाई म्हणायचा न्हाई. तू मात्र त्याच्या आधी कान भरू नगंस.

शालन : आत्याबाई, हिला मोजता येतं. सात शेंगा मोजल्या आत्ता माझ्यासमोर. फक्त पहिल्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणते.

सगुणाबाई : मंग बरुबर हाय की. एक म्हणूच ने.

शालन : धान्याला म्हणू नये. शेंगांना काय त्याचं?

सगुणाबाई : शेंगा काय दगडातनं येत्यात व्हय? पयल्या मापाला एक म्हणलं का रास बसती. माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्या.

मंजुळा : आजी, बसती म्हंजी?

सगुणाबाई : म्हंजी आटती. दिसाया ढीगभर दिसती, पर मोजाया गेलं का भरत न्हाई.

मंजुळा : मग राहिल्यालं दाणं कुठं जात्यात?

सगुणाबाई : जात्यात. कुठं त्ये बघाया म्या गेले न्हाई.

मंजुळा : आन् कुणी चुकून म्हणलं तर?

सगुणाबाई : चुकून म्हणलं तरी म्हणलंच.

मंजुळा : ल्हान पोरानं म्हणलं तर?

शालन : मंजे, कुणी म्हटलं?

मंजुळा : कुणी न्हाई.

शालन : इकडं ये. अशी मांडीवर बस. तू मोठी झालीस ते ठाऊक आहे मला, तरी बस. कुठं म्हटलं गेलं ते?

मंजुळा : खळ्यावर.

शालन : शिमग्याच्या आधी ज्वारी मोजली तेव्हा?

मंजुळा : गेनबाआजा अधोलीचं माप भरत हुता. मी रासंच्या बाजूला बसले हुते. शाळंतनं आले हुते, पाटी बी हातातच हुती. मला वाटलं, बापूला दाखवावं मला येतंय. म्हणून त्यानं अधोली उचलली आन् मी वरडले.

शालन : काय ओरडलीस?

मंजुळा : त्येच. गेनबाआजाच्या आधी. मग आजीनं माझं तोंड दाबलं.

सगुणाबाई : तोंड दाबलं न्हाई, हात ठेवला. उगं वाढवून सांगू नगंस.

मंजुळा : मग रास कमी भरली. मग शिमगा झाला. मग बापू गेला देहूरोडला.

शालन : हे तू कधीपासून धरून बसलीस मनात?

मंजुळा : मी न्हाई धरलं. आजी म्हणली. नदीवर छबूकाकूला सांगत हुती. पोरीनं खळ्यावर त्ये म्हणलं, आन् घरातला गडी भाईर गेला.

सगुणाबाई : तू कुठं हुतीस तवा?

मंजुळा : तुझ्या मागंच. परकर आपटत हुते.

सगुणाबाई : बायका बोलत्यात नदीवर. हात चालत असतोय, तोंड चालत असतंय. ह्येचं सगळं ध्यानात ठिवायचं असतंय व्हय?

शालन : तिनं ठेवलं, आत्याबाई. म्हणून शाळेत तोंड मिटून बसते. तिला वाटतंय, पुन्हा म्हटलं तर आणखी काही होईल.

मंजुळा : सोपान बी जाईल.

शालन : सोपान कुठं जातोय? त्याला उंबरा ओलांडता येत नाही अजून.

सगुणाबाई : मला कशाला असं बघतीस, शालन? रास कमी भरली का न्हाई? त्ये बी म्या नदीवर बसून रचलं का?

शालन : कमी भरली. पण काणी पडली होती म्हणून. सगळ्या वाडीची कमी भरली. गेनबाच्या घरात तर पोर ओरडलं नव्हतं, त्याचीही कमीच भरली.

मंजुळा : काणी म्हंजी काय?

शालन : तुला माहीत आहे काणी. कणीस वरून चांगलं दिसतं, आणि चोळलं की दाण्याच्या जागी काळी भुकटी निघते. काजळासारखी.

मंजुळा : त्याच्या मी मिशा काढल्या हुत्या.

शालन : काढल्या होत्यास. आणि बापूच्या टोपीला हात पुसलास. आता मला आठवून सांग, मिशा काढल्यास तेव्हा कणसं कुठं होती? खळ्यावर का रानात?

मंजुळा : रानात. उभी हुती. मी बापूच्या खांद्यावर बसले हुते, म्हणून हात पुरला.

शालन : म्हणजे खळं तेव्हा झालंच नव्हतं.

मंजुळा : न्हाई. सारवलं बी नव्हतं.

शालन : मग आता क्रम लाव. लाकडं लावतेस ना लांबीनं, तसा. काणी, खळं, आणि तुझं ओरडणं. आधी काय, मग काय?

मंजुळा : आधी काणी. मग खळं सारवलं. मग मी.

शालन : मग काणीच्या आत जे दाणे नव्हतेच, ते तू नंतर ओरडून कसे घालवशील?

मंजुळा : ...आधीच नव्हतं?

शालन : आधीच नव्हते.

मंजुळा : आजी, आधीच नव्हतं?

सगुणाबाई : काणी व्हती खरी. मस व्हती.

मंजुळा : पर बापू तर नंतर गेला.

शालन : बापू दिवाळीपासून म्हणत होता. देहूरोडच्या डेपोत माणसं घेतात, पिंपरीला कारखाना झालाय, मला यंत्रं बघायचीत. रोज रात्री जेवताना तेच. तुला झोप लागलेली असायची, म्हणून तू ऐकलं नाहीस. आत्याबाई, हे तुम्ही सांगा तिला. मी सांगितलेलं तिला पुरणार नाही.

सगुणाबाई : म्या काय सांगू?

शालन : तुमच्या लेकाचं तुम्हीच सांगा.

सगुणाबाई : ...त्यो ल्हानपणापास्नंच तसा. मोटंचं चाक उसकटून बसला हुता, त्याचा बाप काठी घेऊन मागं लागला तरी दाताखाली खिळा धरून तसाच बसल्याला. ह्यात काय हाय, त्ये कसं फिरतंय. ही बी त्याच्यावरच गेलीया. दिवसभर का आन् कसं.

मंजुळा : मग चाक परत बसलं का?

सगुणाबाई : बसलं. त्यानंच बसिवलं. आन् आधीपरीस हलकं फिराया लागलं.

मंजुळा : म्हंजी बापू आपणहून गेला? चाकं बघाया?

सगुणाबाई : व्हय. आपणहून गेला.

शालन : मग नदीवर तसं का म्हणालात, आत्याबाई?

सगुणाबाई : छबूनं इचारलं, भिमा का गं गेला बाई घर सोडून? आता तिला काय सांगायचं, माझ्या लेकाला ह्या रानात करमत न्हाई म्हणून? जीभ उचलंना माझी. जे तोंडाला आलं त्ये बोलले. पोर मागं हाय ह्ये ठावं असतं तर न्हाई बोलले असते.

शालन : पाणी देऊ का?

सगुणाबाई : नगं. तू आपलं दळण मोज. दिवस चाललाय.

मंजुळा : आई, पर रास बसती का न्हाई?

शालन : अजून आहेच का ते?

मंजुळा : काणीचं कळलं. बापूचं बी कळलं. पर त्ये म्हणलं का रास बसती का न्हाई बसत, ह्ये कुठं कळलं?

सगुणाबाई : बघ. बापावर गेली म्हणते त्ये काय खोटं हाय?

शालन : बरोबर आहे तिचं. ते नाहीच कळलेलं. कसं कळेल, मंजे?

मंजुळा : ही ज्वारी हाय ना दळणाची. आधी लाभ म्हणून मोजायची. मग परत सुपात वतायची आन् त्ये म्हणून मोजायची. मग बघायचं कमी भरती का.

सगुणाबाई : धान्याचा ख्योळ न्हाई करायचा घरात.

शालन : खेळ कुठं? दळण मोजायचंच होतं. एकदा मोजायचं ते दोनदा मोजू. दे ते मापटं, मंजे. ह्या पाटीत ओतते मी, तू म्हण.

मंजुळा : लाभ. दोन. तीन. चार. पाच.

शालन : सुपात राहिलं काही?

मंजुळा : न्हाई. बरुबर पाच.

शालन : आता हे परत सुपात. नीट, सांडू देऊ नकोस. ह्या खेपेला तू भर. दोन्ही हातांनी धर मापटं. तू भर आणि मी म्हणते. भरलंस? ओत. एक.

सगुणाबाई : शालन.

शालन : म्हटलं, आत्याबाई. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण आता बघायचंच. भर, मंजे. दोन. भर, चांगलं भरू दे. तीन. चार. हं, आणि हे...

मंजुळा : आई.

शालन : काय गं?

मंजुळा : मापटं भरंना.

शालन : असं कसं? सूप झटक बघू.

मंजुळा : झटकलं. निम्मंच हाय.

शालन : सांडलं असेल कुठं. पाय उचल तुझा. पाटीखाली बघ.

मंजुळा : न्हाई सांडलं. बसली रास.

शालन : थांब जरा, बघू दे मला.

मंजुळा : आई, आता कोण जाणार भाईर?

शालन : अगं, कुणी नाही. रडू नकोस. मला बघू दे म्हटलं ना, काहीतरी... आत्याबाई, तुम्ही तरी...

सगुणाबाई : कुणी जाणार न्हाई. डोळं पूस. आन् त्ये मापटं दे हिकडं. मघाधरनं बघतीया म्या, मोजत्यात म्हणं दोघी.

शालन : काय चुकलं?

सगुणाबाई : अगं, शिगंनं भरलं पोरीनं. तू मघाशी भरलंस तवा वरनं हात फिरवून सपाट केलंस. हिनं दोन्ही हातांनी दाबून वर डोंगर केला. तसं चारी येळंला. मग शेवटाला काय उरणार, माती?

शालन : माझ्या लक्षातच आलं नाही.

सगुणाबाई : कसं येईल? तुझं ध्यान त्या शब्दाकडं. माहेरी चिंचवडला तिसरीपतूर शिकीवलं, पर माप धराया न्हाई शिकीवलं तुला.

मंजुळा : आजी, शीग म्हंजी ह्यो वरचा डोंगर?

सगुणाबाई : व्हय.

मंजुळा : मग जे कमी झालं त्ये डोंगरात गेलं?

सगुणाबाई : डोंगरातच गेलं. पाटीत पडलंय सगळं, जेवढं हुतं तेवढं. दाणा इकडचा तिकडं न्हाई.

मंजुळा : म्हंजी शब्दानं न्हाई गेलं?

सगुणाबाई : ह्यात शब्दाचं काय न्हाई. माप चुकलं. जे हाय त्ये हाय, म्या उगं कशाला दुसरं सांगू?

शालन : आत्याबाई, तुम्ही गप्प बसला असता तर तुमचंच खरं झालं असतं.

सगुणाबाई : चुकीच्या मापावर खरं करून काय करू? जन्म गेला माझा खळ्यावर. गेनबाची अधोली वाकडी हुती, तवा म्या चार माणसांत त्याला ठोकून आणाया लावली. वत ती ज्वारी परत सुपात. म्या भरते.

शालन : बघ मंजे, आजीचा हात बघ कसा फिरतो.

सगुणाबाई : हं. भरलं. असा हात सपाट फिरला पायजे, दाबायचं न्हाई आन् उचलायचं न्हाई. आता म्हण.

मंजुळा : काय म्हणू?

सगुणाबाई : जे म्हणायचं हाय त्ये. म्या न्हाई म्हणणार. माझं तोंड वळणार न्हाई तसं आता ह्या वयात. तू म्हण.

मंजुळा : आई म्हणंल.

सगुणाबाई : आई न्हाई. शाळंत आई जाणार हाय का उद्या?

मंजुळा : तू माझ्या तोंडावर हात ठेवशील.

सगुणाबाई : हात मापट्यावर हाय माझा. दोन्ही. बघ.

मंजुळा : ...एक.

सगुणाबाई : ऐकू न्हाई आलं. गुरुजी माझ्यापरीस तरणं कान घेऊन बसल्यात, पर पोरांचा गलका असतोय तिथं.

मंजुळा : एक.

सगुणाबाई : हं. वतलं. पुढं.

मंजुळा : दोन.

सगुणाबाई : चल.

मंजुळा : तीन. चार. पाच.

सगुणाबाई : सुपात बघ. म्या न्हाई सांगणार, तूच बघ.

मंजुळा : काय न्हाई. रिकामं.

सगुणाबाई : आन् मापटं?

मंजुळा : भरलं. वर डोंगर बी न्हाई आन् खाली खड्डा बी न्हाई.

शालन : म्हणजे काय झालं, मंजे?

मंजुळा : लाभ म्हणलं तवा बी पाच. एक म्हणलं तवा बी पाच. आई, अजून बघायचं का? बाजरी मोजून? आन् तांदूळ?

शालन : आता आधी हे दळण जात्यात पडू दे. नाही तर रात्री ताटात मापटंच वाढावं लागेल.

सगुणाबाई : तिला म्होरल्या बाजूनं खुट्याला धराया दे. दोघींनी ओढलं का लवकर व्हईल.

मंजुळा : आजी.

सगुणाबाई : काय गं बये?

मंजुळा : आता पुढच्या वर्षी खळ्यावर बी एकच म्हणायचं?

सगुणाबाई : न्हाई. खळ्यावर लाभच.

मंजुळा : का? रास तर बसत न्हाई.

सगुणाबाई : बसत न्हाई तर नसंल बसत. तरी लाभच म्हणायचं. पाव्हणा दारात आला तर आपण काय म्हणतो? आला एक, असं म्हणतो का? या बसा म्हणतो. रास वर्षानं घरात येती. तिला पयल्यांदा काहीतरी बरं बोलावं, मग मोजावं.

मंजुळा : म्हंजी लाभ म्हंजी या बसा.

सगुणाबाई : तसंच समज.

शालन : मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं, आत्याबाई. माझी आई नुसती म्हणायची, म्हणायचं असतं.

सगुणाबाई : मला तरी कुठं कुणी सांगितलं? आत्ता तोंडाला आलं. ही इचारती म्हणून यील त्ये बोलावं लागतंय.

मंजुळा : मग शाळंत कशालाच या बसा का म्हणत न्हाईत? एकदम मोजायलाच का लागत्यात?

सगुणाबाई : त्ये मला न्हाई ठावं. सकाळी मोजून झालं का इचार तुझ्या गुरुजींना. आन् काय म्हणलं त्ये मला येऊन सांग.